तुटक्या भुवईचा जपानी आणि आमचे कादरभाई

कादरभाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली, हे आधीच सांगून टाकतो. गौरवग्रंथात असं काही लिहू नये असा संकेत आहे म्हणे. पण ज्यांचा गौरव करायचा त्यांनाच गुळमुळीत बोलणं खपत नाही, तिथे माझा काय इलाज?

साल अठ्ठावन असावं. मी यवतमाळला नॉर्मल स्कूलमध्ये मास्तरकीचं शिक्षण घेत होतो. रविवारी सकाळी इथल्या टॉकीजमध्ये एखादा परदेशी चित्रपट लावत. त्या रविवारी जपानी तलवारबाजीचा चित्रपट लागला होता. हॉलमध्ये तीसेक माणसं असतील. काही वकील, दोन-तीन प्राध्यापक, बाकी माझ्यासारखे रिकामटेकडे. पडद्यावर ओढ्याच्या काठी एकटा नायक आणि त्याच्यावर चालून आलेली वीस-पंचवीस माणसं अशी जबरदस्त लढाई झाली. सगळे मेले. पुढे दहा मिनिटं कथा सरकली, नायक एका म्हातारीच्या घरी जेवायला बसला, आणि एकाएकी पुन्हा तोच ओढा, तीच माणसं जिवंत, पुन्हा तीच लढाई. पुन्हा सगळे मेले. हॉलमध्ये कुणी तक्रार केली नाही. माझ्या पुढच्या रांगेतले प्राध्यापक शेजाऱ्याला समजावून सांगत होते की ही जपानी शैली आहे, आपल्या लोकांना ती झेपायची नाही.

मला काही ते पटेना. मी तरातरा जिना चढून ऑपरेटरच्या खोलीत गेलो. आत पन्नाशीला टेकलेले एक गृहस्थ अंगात नुसतं बनियन घालून दोन धगधगत्या यंत्रांच्या मध्ये उभे होते. हेच कादरभाई. मी घुश्शातच म्हणालो, "तुम्ही एक रीळ दोनदा लावलं."

"तुले कसं समजलं?" त्यांनी विचारलं. चूक पकडली गेल्याचा ओशाळेपणा चेहऱ्यावर औषधालाही नव्हता.

मी म्हणालो, "एक तुटक्या भुवईचा माणूस ओढ्यात पडतो, तेव्हा त्याच्या उजव्या पायातली चप्पल निसटते. दोन्ही वेळा तशीच निसटली."

कादरभाईंनी बनियनला हात पुसले. मग म्हणाले, "त्या एका लढाईत तो किती खेपा मरते, सांग."

"एकदाच."

"चारदा मरते. बस इथं, दाखवतो."

चित्रपट संपल्यावर त्यांनी ते रीळ काढलं आणि फिल्मची पट्टी दिव्यासमोर धरून मला एकेक चौकट दाखवली. खरंच तोच माणूस होता. एकदा डोक्याला पांढरा फडका, एकदा काळा, एकदा बोडका, एकदा पाठमोरा. चार वेगवेगळी माणसं म्हणून तो चारदा मेला होता आणि प्रत्येक खेपेचं मरण निराळं होतं. "रीळ मीच दोनदा लावलं," कादरभाई म्हणाले. "मले पुन्हा पाहाचं होतं. आता मालकाले सांगाचं असन तं सांग." मी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी मात्र मी पुन्हा त्याच खोलीत जाऊन उभा राहिलो, आणि तेव्हापासून ते मला 'मास्तर' म्हणू लागले. मास्तर व्हायला मला अजून वर्ष होतं.

ज्या वाचकांना कादरभाईंचा सहवास लाभला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ते पिंजाऱ्याच्या घरात जन्मले. तरुणपणी कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर होते, तिथून टॉकीजच्या यंत्रावर आले आणि तिथेच रमले. ऑपरेटरच्या खोलीत यंत्रांची घरघर एवढी असते की पडद्यावरचं बोलणं ऐकू येत नाही. खोलीतला भोंगा केव्हाच मुका झाला होता आणि तो दुरुस्त करायची गरज त्यांना कधी वाटली नाही. म्हणजे या माणसाने उभ्या आयुष्यात शेकडो चित्रपट पाहिले ते एका वीतभर खिडकीतून, आणि एकही शब्द न ऐकता. बाकीचे लोक घरी जाताना संवाद आणि गाणी घेऊन जात. कादरभाई माणसं कशी चालतात, वळतात, थबकतात, कोसळतात एवढंच घेऊन जात.

जपानी चित्रपटांनी त्यांना वेड लावलं ते यामुळेच. आपल्याकडच्या मारामारीत खलपुरुष मार खायला हात बांधून उभा राहतो, नायक त्याला सवडीने बुकलतो, हे त्यांना बघवत नसे. जपानी नायक कितीतरी वेळ नुसता उभा असतो, पुढची माणसंही उभी असतात, गवत तेवढं हलतं, आणि मग एका श्वासात सगळं आटोपतं. या नायकांतला एक जाड मानेचा होता, एक सडपातळ आणि सदा दाढी खाजवणारा. दोघांवरही आम्ही लट्टू होतो. पण कादरभाईंचं म्हणणं असं, "हिरो तं नुसता उभा राह्यते रे. तलवारीले धार किती हाये, हे पडनारा सांगते."

मी एकदा म्हणालो की पण नाव तर नायकाचंच होतं ना? त्यावर त्यांनी मला श्रेयनामावलीचं रीळ दाखवलं. वरून खाली जपानी अक्षरं. "वाच," म्हणाले. मला काय डोंबल वाचता येणार! "मंग? यात हिरोचं नाव कोनतं अन् मरनाऱ्याचं कोनतं? आपल्याले दोघंबी सारखेच."

त्या तुटक्या भुवईच्या नटाला ते 'भाऊ' म्हणत. नवा जपानी चित्रपट आला की आधी विचारणा व्हायची, भाऊ आला का? तो बहुतेकदा यायचा. तलवारीच्या चित्रपटात यायचा, पोलिसांच्या आणि टोळीवाल्यांच्या चित्रपटातही यायचा. अशाच एका चित्रपटात तो टोळीतला किरकोळ गडी होता. रेल्वेच्या फलाटावर पोलिसाची गोळी त्याला लागते, आणि कोसळण्याआधी तो डोक्यावरची टोपी काढून हळूच बाकावर ठेवतो. कादरभाईंचे डोळे पाणावले होते. "गरीब मानूस असन," म्हणाले. "टोपी नवी असन त्याची." त्या एका टोपीवर आम्ही आठवडाभर बोलत होतो. माणूस कितीही वाईट धंद्यात असो, त्याचं घर असतं, त्याला कुणी घेऊन दिलेल्या वस्तू असतात, आणि हे सगळं एक नट शब्दाविना सांगू शकतो, हे मला त्या वीतभर खिडकीपाशी कळलं. नॉर्मल स्कूलमध्ये ते कुणी शिकवलं नसतं.

आता त्या नाटकाकडे वळतो, ज्यासाठी खरं तर मी ही लेखणी हातात घेतली.

साठ साली कादरभाईंनी आम्हा सात-आठ जणांना जमवून तालीम सुरू केली. रविवारी दुपारी जिनिंगचं आवार रिकामं असे, तिथे रुईच्या ढिगांवर ते आम्हाला पडायला शिकवत. आधी रुईवर, मग कडब्यावर, मग उघड्या जमिनीवर. "कंबर आधी, खांदा मंग, डोकं कधीच नाही. अन् हात पुढं टाकू नको, मेलेला मानूस हात जपत नाही." आमच्यात विनायकराव होते, केळापूरकडच्या आमच्याच गावच्या पाटलांचे चिरंजीव. माझ्याच वयाचे, खणखणीत आवाजाचे, आणि खरं सांगायचं तर पडण्यात आमच्या सगळ्यांपेक्षा तरबेज.

मी मात्र पडायला नकार दिला. त्याचं कारण असं. आमच्या गावात नाटक बसलं की राजा, सरदार, न्यायाधीश गावातले होत. मार खाणारा, पाय धरणारा, लाथ खाऊन कोसळणारा लागला की आमच्या वस्तीतून माणूस बोलावत. माझे वडील, आम्ही त्यांना बा म्हणतो, तरुणपणी असे कितीदा तरी पडले. नाटक संपलं तरी लोक त्यांना नाटकातल्या नावानेच हाका मारत आणि हसत. छप्पन साली आमच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला, त्या दिवशी बांनी सांगितलं, आता कुणापुढे वाकायचं नाही, कुणाच्या पाया पडायचं नाही, नाटकातसुद्धा नाही.

हे मी कादरभाईंना सांगितलं तेव्हा ते चुकले. पडणं हीच कशी खरी कला आहे यावर त्यांनी मला अर्धा तास ऐकवलं. मी उठून चालता झालो आणि दोन रविवार फिरकलो नाही. तिसऱ्या रविवारी ते एसटीने थेट आमच्या गावी गेले, आमच्या घरी बाजेवर बसले, मायने केलेला चहा प्याले. त्या काळी आमच्या घरचा चहा पिणारे पाहुणे गावात फार नव्हते. बा त्यांना म्हणाले, "भाई, तुमचं काम चांगलंच असन. पन आमचं लई पडून झालं. माह्या पोरानं आता पडाचं नाही."

त्यावर कादरभाईंनी कपबशी खाली ठेवली म्हणे. मग म्हणाले, "तुमचं बरोबर हाये. माहीच चूक झाली. ज्याले कोनी पाडलं नाही, त्यालेच पडाची हौस राह्यते. तुमचा पोरगा उभा राह्यन, मी पडतो."

"या वयात तुमी कायले पडता?"

"मले कोनी पाडून नाही राह्यलं. मी माह्या मनानं पडतो."

चूक कबूल करायला हा माणूस दोन तास एसटीत बसून गेला. माझ्या आजवरच्या आयुष्यात मला भेटलेल्या विद्वानांत हे कुणी केल्याचं मला आठवत नाही.

नाटक कादरभाईंनीच रचलं होतं. घाटातल्या चौकीवर एकटा पहारेकरी आणि त्याच्यावर चालून आलेले सहा दरोडेखोर. पहारेकरी मी. दरोडेखोरांचा म्होरक्या विनायकराव, तो सगळ्यात शेवटी मरायचा. तालमीत विनायकराव माझ्या तलवारीखाली असे कोसळत की जिनिंगचा चौकीदार टाळ्या पिटायचा. खेळ आमच्याच गावात करायचा ठरलं. कादरभाईंच्या हट्टापायी भर दुपारी, कारण पडणं दिवसाउजेडी दिसलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं.

कापूस वेचून झाला होता, गावाला सवड होती. बाजारओट्यासमोर एका बाजूला पाटील खुर्ची टाकून बसले होते, मागे त्यांचे लोक. दुसऱ्या बाजूला निंबाखाली आमची वस्ती, आणि सगळ्यांत पुढे बा. पाच दरोडेखोर ठरल्याप्रमाणे पडले. त्यांत तोंड काळं रंगवलेले कादरभाईही होते. मग विनायकराव आले. मी तलवार मारली. लाकडाचीच, वर पत्रा मढवलेला. ते पडले नाहीत.

मी पुन्हा मारली. ते उभेच. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे, वडिलांच्या खुर्चीकडे होती. दबक्या आवाजात म्हणाले, "यशवंता, मले नाही जमत."

पाटलांच्या मागून कुणीतरी ओरडलं, "अबे, तूच मार न त्याले!" दोन-चार जण उठून उभे राहिले. इकडे निंबाखालीही माणसं उठली. मी तलवार खाली घेतली असती, तर बांनी ते डोळ्यांनी पाहिलं असतं आणि त्यांच्या मनातून मी कायमचा उतरलो असतो. तिसऱ्यांदा मारली असती, तर ते नाटक राहिलं नसतं आणि त्या दिवशी वस्तीवर काय आलं असतं ते सांगवत नाही. मी नुसता तलवार उगारून उभा होतो आणि माझे हात कापत होते.

तेवढ्यात माझ्या पायाशी मरून पडलेले कादरभाई सरपटत कडेला गेले, डोक्याला फडका गुंडाळला आणि आरोळी ठोकत विनायकरावांच्या आणि माझ्या मध्ये घुसले. माझी तलवार त्यांनी छातीवर घेतली आणि कोसळले. उठले, मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूने आले, पुन्हा कोसळले. तिसऱ्यांदा पाठमोरे आले. लोक आधी हसले, मग टाळ्या वाजवू लागले, उभे राहिलेले एकेक करून खाली बसले. चौथ्या खेपेस ते ओट्याच्या कडेवरून खाली, टणक जमिनीवर आदळले. त्यांनीच शिकवलेलं सगळं त्या वेळी चुकलं. खांदा आधी आला. हाड मोडल्याचं मला वरूनच कळलं. पण गड्याने हूं केलं नाही. मेलेला माणूस कण्हत नाही ना. दोन पोरांनी ओट्यापुढे चादर धरली आणि खेळ संपला. विनायकराव शेवटपर्यंत उभेच होते.

बा निंबाखालून उठले, खाली वाकले, आणि कादरभाईंना दोन्ही हातांवर उचलून आमच्या घरी घेऊन गेले.

कादरभाईंचा उजवा हात तेव्हापासून खांद्याच्या वर जात नाही. रिळं ते डाव्या हाताने चढवतात. मी विनायकरावांशी बोलणं टाकलं, ते चांगली सात वर्षं. कादरभाईंनी त्यांना एका शब्दाने कधी बोल लावला नाही, आणि याचा मला भयंकर राग यायचा. एकदा न राहवून मी विचारलंच, "तुम्हाला त्याचा संताप कसा येत नाही?"

ते म्हणाले, "मी खाली पडलो होतो ना, मास्तर. तुमी दोघं वर पाहत होते. मले त्याचे पाय दिसत होते. लटलट कापून राह्यले होते." मग थोड्या वेळाने, "तुहे हात कापत होते, त्याचे पाय. मंग मेलेला कोन होता तिथं? मीच. मलेच उठा लागलं." हे पटायला मला वेळ लागला. अजूनही पूर्ण पटलं आहे असं मी म्हणणार नाही, कारण भीती दोघांना असली तरी त्याच्यामागे खुर्ची होती आणि माझ्यामागे निंबाचं झाड. हे मी कादरभाईंना तोंडावर सांगितलं आहे. ते "हो" म्हणाले.

त्यांच्या प्रेमळपणाची एक गंमत इथे नोंदवतो. गेल्या दोन वर्षांतलीच गोष्ट. एका पोलिसी चित्रपटात भाऊ पुन्हा आला. आता केस पांढरे झालेले, गाल बसलेले. मी खिडकीतून बघत होतो. एकाएकी पडद्यावर त्याचे ओठ हलले. इतक्या वर्षांत हा माणूस कधी बोलला नव्हता. कादरभाईंनी यंत्र मदतनिसाच्या हवाली केलं आणि जन्मात पहिल्यांदा खेळ चालू असताना जिना उतरून हॉलमध्ये धावले, मी त्यांच्या मागे. आम्ही दाराशी पोहोचेपर्यंत त्याचं बोलणं संपलं होतं आणि त्याला गोळीही लागली होती. "काय म्हनला?" ते मला दंडाला धरून विचारू लागले. मी वरूनच पडद्याच्या तळाची इंग्रजी ओळ वाचली होती. म्हणालो, "चहा झाला, असं म्हणाला."

"चहा झाला?"

"हो. साहेबाला सांगतो, चहा झाला."

कादरभाईंनी माझा दंड सोडला. "चांगलं म्हनला," म्हणाले. त्या दिवशी टॉकीजच्या सगळ्या नोकरांना त्यांनी चहा पाजला आणि कशाबद्दल ते कुणालाच सांगितलं नाही.

कादरभाईंच्या साठीसाठी नेमलेल्या या सत्कार समितीत विनायकराव आहेत. महिन्यापूर्वी ते लोहाऱ्याला माझ्या शाळेत आले, वर्गाबाहेर उभे राहिले. म्हणाले, "ते सगळं लिही. माझं नाव गाळू नको." आणि मग, सत्काराच्या आदल्या रविवारी तोच प्रवेश त्याच ओट्यावर पुन्हा करायचा आणि या वेळी आपण पडायचं, असं मनात असल्याचं त्यांनी सांगितलं. त्यांनी माफी मागितली नाही, मी मागायला लावली नाही. मी एवढंच म्हणालो की तालमीत तर तू तेव्हाही पडत होतास. ते खाली बघत म्हणाले, "म्हनूनच गावात कराचं हाये." पाटील अजून आहेत आणि ते खुर्ची टाकून बसणार आहेत. आणि बासुद्धा आहेत.

तालमी सुरू आहेत. कादरभाई बाकावर बसून आमच्या चुका काढतात. विनायकराव पडतात, पूर्वीसारखेच उत्तम पडतात. हा ग्रंथ आपल्या हाती येईल तेव्हा तो खेळ होऊन गेलेला असेल आणि काय झालं ते आपणा सर्वांना ठाऊक असेल. मी हे लिहितो आहे तेव्हा मला ते ठाऊक नाही. परवा तालीम आटोपल्यावर मी कादरभाईंना हळूच विचारलं, "ऐन वेळी नाही पडला तर?"

साठ वर्षांचे, एक हात वर न जाणारे कादरभाई क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "मी हाओ ना."

कादरभाई, साठीनिमित्त आम्ही आपल्याला शाल देऊ, श्रीफळ देऊ. पण मला आपल्याकडून एक हवं आहे, आणि ते चारचौघांसमोर मागता यावं म्हणूनच हा लेख मी लिहिला. ग्रंथ निघेपर्यंत खेळ होऊन जाईल, म्हणून छापायला देण्याआधी तो तालमीत सगळ्यांसमोर मी आपल्याला वाचून दाखवणार आहे. खेळाच्या दिवशी आपण खुर्चीवरून उठायचं नाही. विनायकराव पडले तर आनंदच आहे. नाही पडले, तर मी तलवार उगारून त्यांच्यासमोर उभा राहीन, दिवस मावळेपर्यंत उभा राहीन, आणि माझे हात कापणार नाहीत. आपण मध्ये यायचं नाही. आपली हाडं आम्हाला पुष्कळ वर्षं हवी आहेत. प्रकृती सांभाळा, वेळेवर जेवा, डावा हातही जपा, आणि अजून कितीतरी रविवार त्या खिडकीपाशी आमच्यासोबत बसा. त्या दिवशी पडायचं की नाही, ते आमचं आम्ही पाहून घेऊ.